जाणारा पाळक, येणारा पाळक आणि राहणारी मंडळी

 

ज्या पाळकसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या गुणांविषयी बोलायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसं इथे बसली आहेत. मी त्यांच्या जाण्याविषयी बोलणार आहे. मृत्यूविषयी नव्हे. ते या गावातून बदलून गेले, त्यांच्या जागी दुसरे आले, मग तिसरे आले, आणि मंडळी इथेच राहिली, त्याविषयी. आम्हा ख्रिस्ती लोकांत चर्चच्या सभासदांच्या समुदायाला मंडळी म्हणतात, हे बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवते. पाळक येतात-जातात, मंडळी राहते, हे वाक्य आपण फार सहज बोलतो. पण राहणाऱ्यांचं त्या येण्याजाण्यात काय होतं, याचा विचार आपण फारसा करत नाही.

मी पाळकाची मुलगी आहे. त्यामुळे बदली ही गोष्ट मी पुलपिटच्या समोरून पाहिली, तशी पाळकांच्या घराच्या आतूनही पाहिली. पुढे मोठी झाल्यावर पाळकीय समितीवर काम केलं, तेव्हा तीच गोष्ट तिसऱ्या बाजूनं दिसली. पाळक बदलतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष येणाऱ्याकडे असतं. नवे साहेब कुठले, शिकले किती, उपदेश कसा करतात, बाई कशा आहेत. माझं म्हणणं असं की मंडळी नव्या पाळकाला स्वीकारणार की नाही, हे बहुतेक वेळा तो गावात पाऊल ठेवण्याआधीच ठरलेलं असतं. जुन्याचा निरोप कसा झाला, यावर ते ठरतं. आणि निरोप नीट करणं हे जाणाऱ्याचंही काम नाही आणि येणाऱ्याचंही नाही. ते मंडळीचं काम आहे.

आपल्याकडे पाळक बदलण्याच्या रीती अनेक आहेत, त्या थोडक्यात पाहू. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांत फादरांची नेमणूक बिशप करतात. १९८३च्या कॅनन कायद्यात प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य असावं असं म्हटलं आहे, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीलाही वाट ठेवली आहे, आणि वयाच्या ७५व्या वर्षी त्यानं राजीनामा सादर करावा अशी विनंती केली आहे. मेथडिस्टांमध्ये वार्षिक परिषदेत बिशप नेमणुका जाहीर करतात. जॉन वेस्लीनं अठराव्या शतकात आपले उपदेशक सतत फिरते ठेवले, त्या परंपरेतून ही रीत आली. एकाच माणसाकडे सगळी दानं नसतात, म्हणून मंडळीला वेगवेगळे उपदेशक मिळावेत, असं त्याचं ठाम मत होतं. मुक्तिफौज १८८२ साली मुंबईत आली. तिच्यात नवरा-बायको दोघंही अधिकारी असतात आणि दोघांची बदली एकत्रच होते. स्वतंत्र मंडळ्या आपला पाळक आपणच बोलावतात. आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या चर्चमध्ये, धर्मप्रांताकडून बदलीचं पत्र येतं.

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्या नगर जिल्ह्याची एक जुनी गाठ इथे आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं आणि १८३१ साली अहमदनगरला पोचलं. हे मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्या रिवाजाप्रमाणे पाळक कोण असावा हे मंडळी ठरवते. मंडळी बोलावते आणि पाळक येतो. पुढे १९२४ साली या मंडळ्या प्रेस्बिटेरियनांबरोबर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरेन होते. ऐक्याचा तो दिवस मोठाच होता. पण त्या ऐक्यात एका बाकावर दोन प्रकारच्या आठवणी येऊन बसल्या. एका कुटुंबात आजोबांपासून सांगत आले की पाळक आपण बोलावतो. दुसऱ्या कुटुंबाला ठाऊक की बिशप पाठवतील तो आपला. बदलीचं पत्र आलं की एकाला वाटतं, आपल्याला विचारलंच नाही; दुसऱ्याला वाटतं, यात विचारायचं काय. समितीच्या बैठकांत आवाज चढतात, तेव्हा भांडण माणसाचं आहे असं वाटतं. पुष्कळदा ते या दोन आठवणींचं असतं. नव्या पाळकाला हे कुणी सांगत नाही. तो ते सगळं स्वतःवर घेतो.

आता मी पवित्र शास्त्राकडे वळते. पाळक बदलण्याची सर्वांत तपशीलवार हकीकत तिथे आहे आणि ती करिंथ शहराची आहे. पौल इ.स. ५१च्या सुमारास करिंथला होता. दीड वर्ष राहिला, मंडळी उभी केली आणि गेला. त्याच्यामागून अपुल्लोस आला. हा आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात निपुण, शास्त्रात पारंगत. करिंथला जाण्याआधी तो इफिसला बोलत होता, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या जोडप्यानं त्याला ऐकलं. दोघं तंबू बनवणारी, दीक्षित पाळक वगैरे नव्हेत. या विद्वानाच्या शिकवणीत काही कमी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चारचौघांत त्याला टोकलं नाही. त्याला आपल्याकडे नेलं आणि अधिक नीट समजावून सांगितलं. नव्या पाळकाला मदत कशी करावी याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आपल्याकडे त्या संध्याकाळी आधी चार घरी फोन गेले असते.

त्यानंतर इफिसच्या बंधूंनी तिकडच्या शिष्यांना पत्र लिहिलं की याचं स्वागत करा. म्हणजे ओळखपत्र देऊन, हात धरून पाठवणी केली. आणि तरीही करिंथमध्ये पुढे काय झालं? काही म्हणू लागले आम्ही पौलाचे, काही म्हणाले आम्ही अपुल्लोसाचे, काहींनी केफाचं, म्हणजे पेत्राचं, नाव घेतलं. दोघांत वैर नव्हतं. पौलानं लिहिलं आहे की लावणारा एक, पाणी घालणारा दुसरा, वाढवणारा देव. तंटा होता तो बाकांवर बसणाऱ्यांत.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायातली दोन-तीन वाक्यं आपण वाचतो आणि पुढे जातो, कारण ती प्रवासाच्या बेतांसारखी वाटतात. मला ती फार महत्त्वाची वाटतात. पौल लिहितो की तीमथ्य तुमच्याकडे आला, तर तो तुमच्यात निर्भयपणे राहील असं पाहा, त्याला कुणी तुच्छ मानू नये. तीमथ्य हा पौलाचा तरुण सहकारी. मंडळी तरुण पाळकाला घाबरवू शकते हे पौलाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती जबाबदारी त्यानं तीमथ्याच्या धीटपणावर सोडली नाही, मंडळीवर टाकली. आणि लगेच पुढे तो म्हणतो, अपुल्लोसानं तुमच्याकडे यावं म्हणून मी त्याची फार विनवणी केली, पण आत्ता येण्याची त्याची मुळीच इच्छा नाही; संधी मिळेल तेव्हा येईल.

का आला नाही अपुल्लोस? शास्त्र कारण सांगत नाही. मी ते असं वाचते: ज्या मंडळीत आपल्या नावाचा गट पडला आहे, तिथे आपण आत्ता पाऊल ठेवलं तर त्या गटाला बळ मिळेल, हे त्याला कळलं होतं. लोकांना तो हवा होता, पौलही बोलावत होता. तरी तो दूर राहिला. जाणाऱ्या पाळकानं मंडळीवर करायचं शेवटचं प्रेम या राहून गेलेल्या भेटीत आहे, असं मी मानते.

हे सोपं नाही, हे मला माहीत आहे. जिव्हाळा खोटा नसतो. पाळक म्हणजे रविवारचा उपदेश एवढंच नसतं. मुलाचा बाप्तिस्मा, मुलीचं लग्न, नवऱ्याचं आजारपण, रात्री दोन वाजता सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात येऊन शेजारी बसलेला माणूस. आमच्या वडिलांची एका मंडळीतून बदली झाली, तेव्हा तिथल्या एक म्हाताऱ्या बाई सामान बांधून होईपर्यंत आमच्या ओट्यावर बसून होत्या. त्यांनी वडिलांना एवढंच विचारलं, "साहेब, आता माझ्या मातीला कोण येणार?" त्यांचा नवरा आणि एक तरुण मुलगा, दोघांची माती वडिलांनीच केली होती. आपल्या माणसांना ज्यानं ओळखलं होतं त्यानंच आपल्यालाही पोचवावं, एवढी त्यांची मागणी. ती चुकीची म्हणायची कुणी? नवा पाळक कितीही गुणी असला, तरी त्या बाईंच्या मुलाचा चेहरा त्यानं पाहिलेला नाही.

म्हणून मी म्हणते की पाळक जाणं हा शोक आहे आणि त्याला शोकाची जागा द्यायला हवी. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात मोशे गेल्यावर इस्राएलांनी मवाबाच्या मैदानात ३० दिवस शोक केला असं आहे. ते ३० दिवस मोशेच्या जागी आलेल्या यहोशवानं कमी केले नाहीत. लोक रडत असताना नदी ओलांडायची घाई केली नाही. मग ते दिवस संपले, आणि यार्देनेकडे निघण्याची आज्ञा झाली. शोकाला पूर्ण वेळ मिळाला आणि शोकाला शेवटही मिळाला. आपल्याकडे या दोन्हींची वाण असते. निरोप समारंभ रविवारच्या उपासनेनंतर अर्ध्या तासात उरकतो. हार, शाल, दोन भाषणं, चहा-बिस्किटं. पोटातलं कुणी बोलत नाही. आणि न बोललेलं ते पुढे तीन-तीन वर्षं नव्या पाळकाच्या अंगावर निघतं. "आधीचे साहेब असं नव्हते करत." हे वाक्य ऐकलं की मला राग येत नाही, मला कळतं की या माणसाला रडायला वेळ मिळाला नाही.

निरोपासाठी एक पूर्ण संध्याकाळ ठेवा. ज्यांना बोलायचं आहे त्यांना बोलू द्या. आभार मानू द्या, रुसवे असतील तर तेही प्रेमानं बोलू द्या. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पाळकाला शेवटची भेट देता येईल एवढा अवधी त्याला मिळाला पाहिजे. पत्र आल्यापासून हजर होईपर्यंत पंधरा दिवस असतील, तर त्या पंधरा दिवसांत त्याच्यावर दुसरं कुठलंही काम टाकू नका. आणि शेवटच्या उपासनेत जाणाऱ्या पाळकानं स्वतःच्या तोंडानं सांगावं की उद्यापासून तुमचा पाळक मी नाही. हे त्याच्याच तोंडून ऐकलं की लोकांना मोकळीक मिळते. दुसऱ्यानं सांगितलं तर ते हुसकावल्यासारखं वाटतं.

पुढचा प्रश्न मोबाइलचा. पूर्वी पाळक बैलगाडीनं किंवा एसटीनं गेला की खरंच जायचा. पत्र लिहायचं तर कार्ड आणावं लागे. आता तो खिशात राहतो. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात त्याचा नंबर राहतो, रोज सकाळी त्याचं वचन येतं, आणि नव्या पाळकानं काय बोललं, काय केलं, हे रात्री त्याच्या कानावर जातं. तो बिचारा नुसतं "हं" म्हणतो, आणि त्या हुंकाराचा गावात ठराव होतो. निवृत्त पाळकाचं तर आणखी अवघड. चर्चच्या मागच्याच कॉलनीत त्यानं आयुष्यभराच्या कमाईतून घर बांधलेलं असतं, त्याला जा म्हणणार कुठे? त्याची मुलं, नातवंडं, सोयरे सगळे याच मंडळीत. अशा वेळी मी एकच सुचवेन: वर्षभर त्यानं दुसऱ्या चर्चमध्ये उपासनेला जावं. लग्न, बाप्तिस्मा, माती यांसाठी कुणी थेट त्याच्याकडे आलं, तर त्यानं नव्या पाळकाकडे पाठवावं. आणि नव्या पाळकानं आपण होऊन बोलावलं, तरच यावं. वर्षानंतर तो याच मंडळीत साधा सभासद म्हणून बसू शकतो, आणि मग त्याच्यासारखा आधार नव्या पाळकाला दुसरा नसतो. त्या एका वर्षात त्याला मंडळीची आठवण येईल, एकटं वाटेल. त्याला जेवायला बोलावा, त्याच्या तब्येतीची चौकशी करा. फक्त नव्या पाळकाची तक्रार त्याच्या दारात नेऊ नका.

अमेरिकेत लॉरेन मीड नावाचे एपिस्कोपल धर्मगुरू होते. त्यांनी १९७४ साली अल्बन इन्स्टिट्यूट ही संस्था काढली आणि पाळक बदलण्याच्या काळाचा अनेक मंडळ्यांत अभ्यास केला. १९८६ साली त्यांचं याच विषयावरचं पुस्तक निघालं. त्यांचं म्हणणं असं की जुना गेला आणि नवा यायचा आहे, तो मधला काळ वाया जात नाही; मंडळीनं आपला इतिहास आठवावा, आज आपण कोण आहोत हे पुन्हा ठरवावं, जबाबदाऱ्या नव्या हातांत जाऊ द्याव्यात, यासाठीच तो असतो. तिकडे या मधल्या काळासाठी तयार केलेले पाळक असतात, ते थोडे दिवस येतात आणि स्वतः कायमचे राहत नाहीत.

आपल्याकडे बदलीच्या पद्धतीत मधला काळ बहुधा उरतच नाही. शनिवारी एकाचं सामान ट्रकमध्ये चढतं आणि पुढच्या रविवारी दुसरा पुलपिटवर उभा असतो. किंवा मग उलटं टोक: वर्ष-दीड वर्ष पाळकच नाही, शेजारच्या गावचे साहेब महिन्यातून एकदा प्रभुभोजनासाठी येतात आणि बाकीचे रविवार वडील मंडळी कशीबशी चालवतात. पहिल्यात शोकाला जागा नाही, दुसऱ्यात मंडळी पोरकी होते. यांच्या मधलं काहीतरी धर्मप्रांतांनी करायला हवं. चार-सहा रविवार मंडळीच्या वडिलांनी, तरुण संघानं, भगिनी मंडळानं उपासना चालवाव्यात आणि नवा पाळक त्यानंतर हजर व्हावा, एवढं केलं तरी पुष्कळ आहे. त्या चार-सहा रविवारांत मंडळीला कळतं की उपासना आपली आहे, ती पाळकाबरोबर गावाला जात नाही.

याच दिवसांत चार्ज देण्याघेण्याचं काम व्हावं. बाप्तिस्म्याचं, लग्नाचं आणि दफनाचं रजिस्टर, जमिनीची कागदपत्रं, हिशेब तपासलेला, मालमत्तेची यादी. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर जास्त बोलत नाही. पण हिशेब आधी तपासून घ्या, हे मात्र जोर देऊन सांगते. जाणाऱ्याच्या काळातली शंका येणाऱ्याच्या काळात उकरली, की दोघांचीही नावं खराब होतात आणि मंडळी कोर्टात जाऊन बसते. रजिस्टरात नसतं ते मात्र कुणी देत नाही. आजारी कोण आहे, कुठल्या घरात दोन भावांत बोलणं नाही, कोणती विधवा वर्गणी देऊ शकत नाही म्हणून लाजेनं उपासनेला येत नाही. विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी कागदावर उतरू नयेत, तोंडीही देऊ नयेत. पण कोणत्या घरी पहिल्या आठवड्यात जायला हवं, त्या घरांची यादी प्रत्येक जाणाऱ्या पाळकानं येणाऱ्याच्या हाती द्यावी.

आमचे वडील नव्या गावी गेले की एक गोष्ट करायचे. दफनाचं रजिस्टर वाचायचे आणि मंडळीतल्या एखाद्या वृद्ध सभासदाला बरोबर घेऊन संध्याकाळी कबरस्थानात जायचे. कबरींमधून चालत ते वृद्ध गृहस्थ सांगत जायचे: हे अमक्याचे वडील, यांनी चर्चचा पाया खणला, ही लेकरं एकाच आठवड्यात तापानं गेली, ही कुणाची सून, हिच्यामुळे त्या घरात आजही दिवाळीसारखा नाताळ होत नाही. एका संध्याकाळी मंडळीची तीन पिढ्यांची दुःखं त्यांना कळायची. मग पहिल्या घरभेटीत ते मृतांची नावं घेऊन विचारपूस करायचे. लोक चकित व्हायचे. त्या म्हाताऱ्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, तर मी म्हणेन, तुमच्या मातीला तो येईल, ज्यानं तुमच्या मुलाची कबर जाऊन पाहिली आहे.

नव्या पाळकांना माझी विनंती अशी की पहिल्या वर्षात उपासनेचा क्रम, गीतांच्या चाली, बाकांची मांडणी यांना हात लावू नका. नाताळ, उत्तम शुक्रवार, कापणीचा सण, हे सगळं एकदा मंडळीच्या रिवाजानं होऊ द्या आणि डोळे उघडे ठेवून पाहा. बदल करायचे ते त्यानंतर, आणि कारण सांगून. माझ्या पाहण्यातले जे तरुण पाळक पहिल्याच महिन्यात गिटार आणि प्रोजेक्टर घेऊन आले, त्यांचे हेतू चांगले होते आणि तरुण मुलंही खूश झाली. पण म्हातारी माणसं मागच्या बाकावर गेली आणि मग यायचीच बंद झाली. आधीच्या पाळकाचं नाव उपदेशात आदरानं घ्या. मंडळी ते फार बारकाईनं ऐकते. आधीच्याला कमी लेखणारा पाळक मंडळीच्या आयुष्यातली काही वर्षं कमी लेखत असतो, आणि ते लोक विसरत नाहीत.

पाळकाच्या घराविषयी बोलायचं राहून जातं, म्हणून मुद्दाम बोलते. बदली पाळकाची होते, पण घर सगळं हलतं. मुलांची शाळा, मैत्रिणी, दारातली झाडं. आई नोकरी करत असेल तर तिची नोकरी. बदलीची पत्रं मे महिन्याच्या आत आली तर मुलांचं वर्ष वाया जात नाही; सप्टेंबरात आलेलं पत्र लेकराचं अख्खं वर्ष खातं. हे धर्मप्रांतांना करता येण्याजोगं आहे आणि त्यांनी ते करावं. दुसरं पाळकीणबाईंचं. नवी पाळकीणबाई आली की भगिनी मंडळाचं अध्यक्षपद, संडे स्कूल, पाहुण्यांचा चहा, सगळं न विचारता तिच्या पदरात पडतं. आधीच्या बाई गात होत्या, म्हणून हिनंही गावं. माझ्या आईला गाता येत नव्हतं. एका गावात हे तिला पहिल्याच बैठकीत ऐकवलं गेलं, आणि त्यानंतर ती तिथल्या भगिनी मंडळात कधी मोकळी झाली नाही. नव्या घरातल्या बाईला पहिले सहा महिने काहीही विचारू नका. तिला काय आवडतं ते तिच्याकडून समजू द्या.

आणि पाळक भांडून गेला असेल, किंवा त्याच्या हातून काही गैर झालं म्हणून गेला असेल तर? तिथे गोड निरोप समारंभाचा देखावा करू नका. झालं ते जबाबदार माणसांनी सभासदांच्या सभेत, ज्यांना इजा झाली त्यांची नावं राखून, साध्या शब्दांत सांगावं. न सांगितलेल्या गोष्टीच्या अफवा होतात, आणि नवा पाळक त्या अफवांमध्ये येऊन राहतो. अशा मंडळीत विश्वास बसायला वर्षं लागतात. ज्यांचा विश्वास मोडला त्यांना घाई करू नका, आणि नव्या पाळकानंही गेलेल्याच्या अपराधाचा जाब आपल्याला विचारला जातो म्हणून दुखावू नये.

या जिल्ह्यात पाळक बदलण्याचा सर्वांत मोठा प्रसंग १८५४ साली घडला. त्या वर्षी अहमदनगरला हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तोवर पाळक म्हणजे अमेरिकेहून आलेले साहेब. आता आपल्याच गल्लीतला, आपलीच भाषा बोलणारा माणूस वेदीशी उभा राहणार होता. आज आपल्याला ते साहजिक वाटतं. पण लोकांच्या सवयी, मान, पैशाचा आधार, सगळं मिशनऱ्यांभोवती बांधलेलं होतं, ते सोडवून आपल्या माणसाभोवती बांधायचं होतं. ते एका दीक्षाविधीनं झालं नाही. मिशनरी पुढेही कितीतरी वर्षं इथे होते आणि देशी पाळक त्यांच्या शेजारी आपली जागा करत राहिले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मराठी ख्रिस्ती माणसांनी तेवढा मोठा बदल पचवला, तर धर्मप्रांतातल्या एका गावाहून दुसऱ्या गावाला आलेला पाळक आपल्याला पचवता येऊ नये असं काही नाही.

दुसऱ्याचं काम पुढे नेण्याविषयी आपल्या मराठी ख्रिस्ती समाजापाशी एक उदाहरण आहे, ते चर्चचं नाही, कवितेचं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि १९१९ साली ते गेले तेव्हा ते अपुरं होतं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहिलं, टिळकांपेक्षा कितीतरी जास्त अध्याय लिहिले, आणि १९३६ साली त्या गेल्यावर शेवटचं काम त्यांचे पुत्र देवदत्त यांनी केलं. लक्ष्मीबाई टिळकांइतक्या शिकलेल्या नव्हत्या, आणि त्यांनी टिळकांसारखं लिहिण्याचं ढोंगही केलं नाही. त्यांची भाषा त्यांचीच राहिली. वाचकांनी तिला टिळकांच्या तराजूत घालून ग्रंथ मिटला नाही. नव्या पाळकाला एवढीच मुभा मंडळीनं द्यावी: काम तेच, भाषा त्याची.

आज सभागृहात निरनिराळ्या मंडळ्यांच्या पाळकीय समित्यांचे चिटणीस आणि खजिनदार बसले आहेत, असं मला येताना सांगितलं. त्यांना माझं शेवटचं मागणं. यंदा तुमच्याकडे बदलीचं पत्र येईल, तेव्हा पहिल्या बैठकीत नव्या साहेबांच्या सत्काराची चर्चा करू नका. जाणाऱ्यांच्या निरोपाची संध्याकाळ ठरवा, हिशेब तपासणीची तारीख ठरवा, कबरस्थानात नव्या पाळकांबरोबर कोण जाणार त्या वृद्ध सभासदाचं नाव ठरवा, आणि नवं कुटुंब ट्रकमधून उतरेल त्या रात्री त्यांच्या घरी जेवणाचा डबा कोण नेणार, तेही त्याच बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.